स्थलनामांच्या वाटेने थाई देश

बंगळूरच्या आग्नेयेस असलेले बेळ्ळंदूर आज संगणक-व्यवसायाच्या मोठमोठ्या कचेऱ्यांमुळे देशभर परिचित झाले आहे. तेथे राहावयास आलेल्या कुटुंबांत महाराष्ट्रातून आलेलीही आहेत. अशा नवागताचा पहिला परिचय होतो तो नव्या गृहसंकुलांच्या इंग्रजी नावांशी; आणि ती नावे त्या भूमीविषयी काहीच सांगत नाहीत. जुन्या नावांकडे लक्ष गेले म्हणजे मात्र चित्र पालटते. बेळ्ळंदूर, इब्बलूर, हरलूर, वर्तूर ह्या नावांच्या अखेरीस येणारा 'ऊर' हा गाव ह्या अर्थाचा द्राविडी शब्द आहे. कसवनहळ्ळी, मारतहळ्ळी, देवरबीसनहळ्ळी ह्यांतील 'हळ्ळी' म्हणजे खेडे. बेळ्ळंदूरचा तलाव सुमारे ९०० एकरांचा, शहरातील सर्वांत मोठा. त्याचे पाणी वर्तूरच्या तलावात उतरते आणि तेथून दक्षिण पिनाकिनीस मिळते. गेल्या काही वर्षांत ह्या तलावाचे नाव वृत्तपत्रांत आले ते पाण्यावरील फेसामुळे आणि आगीमुळे. परंतु 'केरे' ह्या कन्नड शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या तलावांच्या ह्या साखळीवरच पूर्वी ही सारी खेडी जगत होती. 'बेळ्ळंदूर' ह्या नावाचा पूर्वार्ध पाहून कन्नड 'बेळ्ळि' म्हणजे चांदी हा शब्द कोणासही आठवेल. तरी लेखी पुराव्याविना अशी व्युत्पत्ती बाजूस ठेवणे बरे. 'ऊर' एवढे मात्र निश्चित.

स्थलनामांतून लोकजीवनाचे थर उकलण्याची ही पद्धत मराठी अभ्यासकांस नवी नाही. राजवाडे ह्यांनी तिचा पाठपुरावा केला होता. शं. बा. जोशी ह्यांनी तर मराठी प्रदेशातील अनेक नावांखालचा कन्नड थर दाखवून मराठी अभिमानास थोडा धक्काही दिला. लातूरचे उदाहरण ह्या संदर्भात मोठे बोलके आहे. राष्ट्रकूट राजे स्वतःस 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. त्या बिरुदात गाववाचक 'ऊर' आधीच आहे. त्याच्या पुढे दरबारी संस्कृताने 'पुर' जोडले. गावाने आपले नाव आपल्या भाषेत ठेवावे आणि राजसत्तेने त्यावर संस्कृत शब्दाचा शिरपेच चढवावा, हा व्यवहार भारतात शेकडो ठिकाणी घडला. तोच व्यवहार थाई देशात कसा घडला हे पाहिले, तर त्या देशाची आणि तेथील लोकांची एक वेगळीच ओळख होते. भारतीय वाचकास आजवर जी ओळख करून दिली गेली तिच्याहून ती पुष्कळच निराळी आहे.

थाई देशाचा नकाशा प्रथमच पाहणाऱ्या भारतीयास परकेपणा मुळीच जाणवत नाही. रात्चबुरी म्हणजे राजपुरी, कान्चनबुरी म्हणजे कांचनपुरी, सुफानबुरी म्हणजे सुवर्णपुरी, सिंगबुरी म्हणजे सिंहपुरी, चान्थबुरी म्हणजे चंद्रपुरी, नखोन सवान म्हणजे स्वर्गनगर, नखोन सी थम्मरात म्हणजे नगर श्रीधर्मराज, फित्सनुलोक म्हणजे विष्णुलोक. अयुथ्थया तर सांगावयासच नको. ही नावे ओळखण्याची किल्लीही अवघड नाही. थाई लेखनात संस्कृत शब्दाचे मूळ रूप बव्हंशी जपलेले असते. उच्चार मात्र थाई ध्वनिनियमांनुसार होतो. संस्कृतातील ग, ज, द, ब हे घोष वर्ण थाई मुखात महाप्राण अघोष होतात: गुरूचा 'ख्रू' होतो, जयाचा 'छाय', देवाचा 'थेप' आणि बुद्धाचा 'फुत'. उलट त आणि प हे द आणि ब होतात: ताऱ्याची 'दारा', पित्याचा 'बिदा', पुत्राचा 'बुत', पुरीची 'बुरी'. शब्दाच्या अखेरीस र आणि ल टिकत नाहीत, त्यांचा न होतो. म्हणून नगराचे 'नखोन', आहाराचे 'आहान' आणि आचार्याचे 'आचान'. हे चार-दोन नियम लक्षात ठेवले की थाई वृत्तपत्राच्या मथळ्यांतील निम्मे भारदस्त शब्द ओळखीचे वाटू लागतात.

वाटू लागतात, एवढेच. कारण शब्द ओळखीचा असला तरी अर्थ तेथला असतो. 'आकात' म्हणजे आकाश नव्हे. तो हवेसाठी आणि हवामानासाठी वापरावयाचा शब्द. 'विथ्थयु' ह्यात विद्युत् आहे, पण अर्थ रेडिओ. 'प्रथेत' हा प्रदेश नसून राष्ट्र. दूरदर्शनास थाई भाषेनेही दूर आणि दर्शन हेच दोन शब्द जोडून 'थोरथात' म्हटले, परंतु संस्कृती ह्या अर्थी वर्धन आणि धर्म ह्यांचा समास करून 'वत्थनथाम' हा शब्द बनविला. तो राजपुत्र वान वैथयाकोन (१८९१–१९७६) ह्यांच्या टाकसाळीतला. विसाव्या शतकात मराठीने इंग्रजी संज्ञांना प्रतिशब्द घडविताना जे केले तेच थाई विद्वानांनी केले. दोघांनीही एकाच कोठारातून धान्य नेले. भाकऱ्या आपापल्या भाजल्या.

ह्या शब्दसाम्याने भारून जाऊन आपल्या विद्वानांच्या एका पिढीने ह्या सर्व देशांस 'बृहत्तर भारत' असे नाव दिले. १९२६ मध्ये कलकत्त्यास ह्याच नावाची एक संस्था स्थापन झाली. १९२७ मध्ये रवींद्रनाथ जावा, बाली आणि सयाम ह्या देशांत जाऊन आले. सुनीतिकुमार चटर्जी त्यांच्यासमवेत होते. त्या पिढीच्या परिश्रमांविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु तिच्या दृष्टीत एक दोष होता. तिने जे पाहिले ते आपलेच प्रतिबिंब. आग्नेय आशियाच्या इतिहासाचे अभ्यासक वोल्टर्स ह्यांनी १९८२ मध्ये 'स्थानिकीकरणा'ची कल्पना मांडली. बाहेरून आलेले शब्द, देवता आणि विधी त्या त्या समाजाने आपल्या गरजेप्रमाणे मोडून जुळविले, असे तिचे थोडक्यात स्वरूप आहे. थाई स्थलनामे ह्या कल्पनेस जितका पुष्ट आधार देतात तितका क्वचितच दुसरे कोणते साधन देत असेल. कारण तेथे पुष्कळ ठिकाणी दरबारी नाव आणि लोकांचे नाव ही दोन्ही आजही शेजारी-शेजारी नांदताना दिसतात.

राजधानीच घ्या. १७८२ मध्ये चक्री वंशाच्या पहिल्या राजाने ती वसविली. तिच्या समारंभी नावात महानगर, अमर, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, विश्वकर्मा असे पाली-संस्कृत शब्द एकामागून एक गुंफलेले आहेत, आणि जगातील सर्वांत लांब स्थलनाम म्हणून त्याची नोंद होते. थाई लोक त्यातील पहिले दोनच शब्द घेऊन शहरास 'क्रुङ थेप' म्हणतात. त्यांतही 'क्रुङ' हा राजधानीवाचक शब्द ख्मेर भाषेतून आलेला. परकीयांच्या तोंडी मात्र 'बॅंकॉक' हेच जुने नाव राहिले. 'बाङ' म्हणजे पाण्याकाठची वस्ती. 'कोक' म्हणजे, बहुसंख्य अभ्यासकांच्या मते, 'मकोक' हे आंबट फळ, आपल्याकडील अंबाड्याच्या जातीचे. म्हणजे देवांची राजधानी ती हीच आणि नदीकाठची अंबाडेवाडीही हीच. राजधानीच्या दक्षिणेस नदीच्या मुखाशी 'समुत प्राकान' हा प्रांत आहे. समुद्र आणि प्राकार हे त्यातले शब्द. तेथील रहिवासी आपल्या गावास 'पाक नाम' म्हणतात. पाक म्हणजे तोंड, नाम म्हणजे पाणी. छोनबुरी, म्हणजे जलपुरी, ह्या शहराचे जुने नाव 'बाङ प्ला सोय': 'सोय' जातीच्या लहान माशांची नदीकाठची वस्ती. फित्सनुलोकास पूर्वी 'सोङ ख्वे' म्हणत, म्हणजे दोन उपनद्यांचे गाव. हा 'ख्वे' शब्द जगाला ठाऊक आहे तो १९५७ सालच्या चित्रपटातील 'क्वाय' नदीमुळे; पण 'ख्वे' हे नदीचे विशेषनाम नसून उपनदी एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि 'क्वाय' हा उच्चार थाई माणसाच्या कानाला म्हशीचे नाव घेतल्यासारखा लागतो.

सर्वांत नमुनेदार उदाहरण २००६ मध्ये सुरू झालेल्या विमानतळाचे. त्यास राजाने 'सुवन्नफूम' हे नाव दिले. जातककथांतील आणि प्राचीन व्यापाऱ्यांच्या स्वप्नांतील सुवर्णभूमी ती हीच, असा त्यातला ध्वनी. ज्या जागी तो उभा राहिला त्या जागेचे नाव मात्र 'नोङ ङू हाव', म्हणजे नागांची दलदल. नोङ म्हणजे साचलेल्या पाण्याची जागा, डबके किंवा तळे. ङू म्हणजे साप. थाई देशाच्या नकाशावर 'नोङ'ने आरंभ होणारी गावे जागोजाग आढळतात. नोङ खाय आणि नोङ बुआ लाम्फू ही तर प्रांतांचीच नावे. 'बुआ' म्हणजे कमळ. बेळ्ळंदूरच्या परिसरात राहणाऱ्यास ह्यातले मर्म समजावून सांगावे लागणार नाही. पाणथळ भूमीवर नवी वस्ती उभी राहिली की जुने नाव प्रथम पुसले जाते, आणि पावसाळ्यात तेच नाव आपला अर्थ पुन्हा सांगू लागते.

मराठी वाचकास विशेष जवळचे असे एक नाव दक्षिण थाई देशात आहे. सहावा राम, म्हणजे राजा वजिरावुध, १९१५ मध्ये दक्षिणेकडे गेला असता तेथील लोकांची धर्मशीलता पाहून त्याने त्या शहरास 'सुरात थानी' असे नाव दिले. 'सज्जनांचे नगर' असा त्याचा अर्थ लावला जातो. हे नाव सुचले ते भारतातील सुरतेवरून. सुरत तापीच्या मुखाजवळ आहे. म्हणून येथील नदीसही राजाने 'तापी' हेच नाव बहाल केले. मुलताईस उगम पावून खानदेशातून वाहणाऱ्या तापीची ही नामसखी थायलंडच्या आखातास मिळते. आता ह्यात प्राचीन भारतीय वसाहतींचा काहीच संबंध नाही. ऑक्सफर्ड येथे शिकलेल्या, शाकुंतल आणि नलोपाख्यान इंग्रजी भाषांतरांच्या आधारे थाई भाषेत आणणाऱ्या एका राजाने केलेली ही विसाव्या शतकातील निवड आहे. नकाशावरील 'तापी' पाहून एखाद्याने खानदेशी व्यापाऱ्यांच्या सागरी प्रवासाची कथा रचली तर ती वाचनीय होईल, खरी होणार नाही. नदीमुखाजवळच्या त्या शहरास परिसरातील लोक अजूनही 'बान दोन' ह्या जुन्या नावाने ओळखतात. दोन म्हणजे उंचवट्याची जमीन.

येथवरची उदाहरणे गमतीची वाटतील. पुढचे तसे नाही. १८९३ मध्ये फ्रेंचांनी मेकाँग नदीचा डावा तीर सयामकडून हिरावून घेतला. उजव्या तीरावरील विस्तीर्ण पठारावरही लाओ भाषा बोलणारेच लोक राहत होते आणि बॅंकॉकच्या कारभारात त्या मुलखाच्या विभागांची नावेही 'लाओ काव', 'लाओ फुआन' अशी होती. उत्तरेकडील चियाङ मायच्या मुलखाचे नाव 'लाओ चियाङ' होते. लाओ म्हणून जे जे काही असेल त्यावर फ्रेंच उद्या हक्क सांगतील, ही भीती उघड होती. १८९९–१९०० मध्ये ही नावे बदलण्यात आली. नवी नावे संस्कृतातून घेतली: ईशान्येस 'ईसान', उत्तरेस 'उदोन' आणि वायव्येस 'फायाप'. ईशान, उत्तर, वायव्य. ह्या दिशा कोणाच्या? त्या प्रदेशात राहणाऱ्या शेतकऱ्यास आपला गाव ईशान्येस आहे असे कधी वाटत नाही. तो ज्या ठिकाणी उभा असतो तेथून चारही दिशा सुरू होतात. तो ईशान्येस असतो तो बॅंकॉकमधून पाहणाऱ्याच्या दृष्टीने. एका लोकसमूहाचे नाव पुसून त्या जागी दिशेचे नाव घालण्यासाठी येथे संस्कृत भाषा वापरली गेली. १९०१–०२ मध्ये ह्याच भागात 'फू मी बुन', म्हणजे पुण्यवान पुरुषांच्या नेतृत्वाखाली, उठाव झाला. 'बुन' हे पुण्याचेच थाई रूप. सरकारी सैन्याने तो उठाव मोडून काढला. राज्यकर्त्यांची दिशा संस्कृत होती आणि बंडखोरांचे पुण्यही संस्कृतच. तेव्हा ह्या शब्दांवर भारताचा मालकी हक्क सांगणाऱ्याने कोणत्या बाजूस उभे राहावयाचे?

आज ईसानमध्ये देशाची सुमारे एक-तृतीयांश लोकसंख्या राहते. तेथील बोली लाओच आहे, 'मो लाम' ही गायनपरंपरा लाओ आहे, आणि त्या गायकास साथ करणारे 'खेन' हे बांबूच्या नळ्यांचे वाद्यही लाओ आहे. बॅंकॉकमधील मजूर, घरकाम करणाऱ्या बाया आणि टॅक्सीचालक ह्यांत ह्या भागातून आलेल्यांची संख्या मोठी आहे. दिशेचे ते नाव मात्र आता त्यांनी स्वतःचे करून घेतले आहे. 'आम्ही ईसानचे' असे ते अभिमानाने सांगतात. नावे लादली जातात आणि पुढे अंगवळणीही पडतात, हा अनुभव मराठी माणसासही आहे.

राजदरबाराच्या वाटेने झालेला परिचय किती अपुरा असतो ह्याचा दाखला बंगळूरपुरताही देता येईल. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. तेथील दरबाराचे वर्णन करणारे जयराम पिंड्ये ह्यांचे 'राधामाधवविलासचंपू' राजवाड्यांनी १९२२ मध्ये प्रकाशित केले. अनेक भाषांतील कवींचा तो दरबार मराठी अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ह्या परिचयात बंगळूरभोवतीची 'ऊर' आणि 'हळ्ळी' ही नावे धारण करणारी खेडी कोठे येतात? थाई लोकांच्या बाबतीतही आपण आजवर दरबारातच बसून राहिलो आहोत.

तेव्हा आता खालच्या थराकडे वळावे. थाई खेड्याचे नाव बहुधा पाणी, जमीन आणि झाड ह्यांपासून बनते. 'हुआय' म्हणजे ओढा, 'ख्लोङ' कालवा, 'था' नदीचा उतार किंवा धक्का, 'ना' भातखाचर, 'थुङ' माळरान, 'खोक' टेकाड, 'पा' रान. उत्तरेत डोंगरास 'दोय' म्हणतात, ईसानमध्ये 'फू', इतरत्र 'खाव'. केवळ ह्या एका शब्दावरून गाव कोणत्या प्रदेशातले ते ओळखता येते. 'चियाङ' म्हणजे तटबंदीचे नगर. १२९६ मध्ये राजा मङराय ह्याने वसविलेले चियाङ माय म्हणजे 'नवे नगर', अर्थाने आपले नवापूर. ह्या शब्दांपैकी बहुतेक एकाक्षरी आहेत आणि प्रत्येकाचा सूर ठरलेला आहे. प्रमाण थाई भाषेत पाच सूर आहेत. सूर चुकला की अर्थ बदलतो. देवनागरीत ते दाखविता येत नाहीत, आणि येथील लिप्यंतरात ही उणीव राहणारच.

दोन शब्द मात्र थोडे थांबून पाहण्यासारखे आहेत. 'बान' म्हणजे घर आणि 'बान' म्हणजेच गाव. मराठी माणूस 'गावी जातो' म्हणतो तेव्हा तो कोणत्याही गावी जात नसतो. तो घरी जात असतो. कन्नड माणूस 'नम्म ऊरु' म्हणतो तेव्हाही हेच. बेळ्ळंदूरमधील 'ऊर' आणि थाई 'बान' ह्यांचे कूळ सर्वस्वी भिन्न असूनही भाव एकच आहे. दुसरा शब्द 'मुआङ'. ह्याचा अर्थ नगर, आणि त्याच्या सत्तेखालील मुलूख, आणि शेवटी राष्ट्रही. थाई लोक बोलताना आपल्या देशास 'मुआङ थाय' म्हणतात. मराठीत 'देश' हा शब्द घाटमाथ्यावरील प्रदेशासही लागतो आणि राष्ट्रासही, तसेच काहीसे हे आहे. संस्कृतोद्भव 'प्रथेत' हा शब्द पारपत्रावर आणि नाण्यावर येतो. घरची आठवण काढताना 'मुआङ' किंवा 'बान' हेच ओठी येतात.

आणि 'नाम'. ह्या शब्दावाचून थाई जीवन समजणे शक्य नाही. नदीस 'मे नाम' म्हणतात. मे म्हणजे आई. जुन्या युरोपीय नकाशांत बॅंकॉकच्या नदीचे नाव 'मेनाम' असे छापलेले असते. नकाशा काढणाऱ्याने 'हे काय?' असे विचारले असावे आणि उत्तर 'नदी' असे मिळाले असावे. खरे नाव छाव फ्रया. अश्रूंना 'नाम ता', म्हणजे डोळ्यांचे पाणी. येथे मराठी आणि थाई अगदी एका शब्दावर येतात. मधास 'नाम फुङ', मधमाशीचे पाणी. दुसऱ्यासाठी आपणहून झटण्याची जी वृत्ती तिला 'नाम छाय' म्हणतात; छाय म्हणजे हृदय. मराठीत ज्याच्यात पाणी आहे तो मनुष्य तेजस्वी, पराक्रमी असतो. पाणी जोखावयाचे असते, दाखवावयाचे असते. थाई भाषेत हृदयात पाणी असलेला मनुष्य दयाळू असतो. एकाच द्रव्यापासून एका समाजाने तेजाची प्रतिमा घडविली आणि दुसऱ्याने ओलाव्याची. तलवारीच्या पात्याचे पाणी आणि भातखाचरातले पाणी ह्यांतला हा फरक असेल काय, हा प्रश्न तौलनिक वाङ्मयाच्या अभ्यासकाने हाती घेण्याजोगा आहे.

राष्ट्राच्या नावाचाही इतिहास असाच गुंतागुंतीचा. १९३९ च्या जूनमध्ये फिबुन सोङख्राम ह्यांच्या सरकारने 'सयाम' हे नाव टाकून देशास थाई लोकांचे नाव दिले. १९४५ मध्ये सयाम परत आले आणि चाळीसच्या दशकाअखेर पुन्हा थायलंड झाले. 'थाई म्हणजे स्वतंत्र' हा लोकप्रिय अर्थ शाळेतून शिकविला जातो. मूळ अर्थ 'माणूस, लोक' असाच असावा असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. परंतु पत्तानी, याला आणि नराथिवात येथील मलय मुसलमान, सुरीनकडील ख्मेर आणि शहरांतील चिनी वंशाचे लोक ह्यांना ह्या नावात स्थान कोठे, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित झाला होता. ह्या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा ग्रंथ लिहिला तो चित फूमिसाक (१९३०–१९६६) ह्याने. सयाम, थाई, लाओ आणि खोम ह्या शब्दांची उत्पत्ती आणि जातिनामांचे सामाजिक स्वरूप हा त्याचा विषय. शेजाऱ्यास आपण कोणत्या नावाने हाक मारतो आणि त्या हाकेत तिरस्कार कधी शिरतो, ह्याचा शोध त्याने शिलालेख आणि बोली ह्यांच्या साहाय्याने घेतला. १९५८ मध्ये त्यास अटक झाली. सहा वर्षांहून अधिक काळ तो तुरुंगात होता, आणि तेथेही त्याचे लेखन थांबले नाही. सुटकेनंतर तो साम्यवादी गटास जाऊन मिळाला. १९६६ मध्ये सकोन नखोन प्रांतात त्यास गोळी घालण्यात आली. प्रांताच्या त्या नावात सकल आणि नगर हे दोन शब्द आहेत. ग्रंथ छापला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९७६ मध्ये. शब्दांच्या व्युत्पत्तीचे शास्त्र निरुपद्रवी आहे असे मानणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य पाहावे.

ह्या लोकांच्या ओळखीसाठी भारतीय अभ्यासकास समुद्र ओलांडण्याचीही आवश्यकता नाही. थाई हे 'ताई' नावाच्या विशाल भाषाकुलाचे एक घर. त्याच कुलातील आहोम लोक सुकाफा ह्याच्या नेतृत्वाखाली १२२८ मध्ये पूर्वेकडील डोंगर ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरले आणि सुमारे सहाशे वर्षे त्यांनी तेथे राज्य केले. असमिया गद्याचे भूषण ठरलेल्या 'बुरंजी' ह्या इतिहासग्रंथांचे नाव ताई भाषेतले आहे आणि आरंभीच्या बुरंज्याही त्याच भाषेत लिहिलेल्या आहेत. मराठी बखरींशी त्यांची तुलना करण्याचे काम अद्याप पुष्कळ बाकी आहे. पुढे आहोमांनी असमिया भाषा स्वीकारली. त्यांची स्वतःची भाषा पुरोहितांच्या पोथ्यांत आणि विधींत उरली. मात्र स्थलनामांतून ती गेली नाही. १२५३ मध्ये स्थापन झालेली पहिली राजधानी चराईदेव हिच्या नावाचे मूळ 'चे राय दोय' असे सांगतात. ह्यातला 'दोय' म्हणजे चियाङ मायच्या माणसाचा डोंगरच. तेथील राजांचे मृत्तिकास्तूप, ज्यांस 'मोईदाम' म्हणतात, २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या सूचीत समाविष्ट झाले. नामरूप, नामदांग ह्या असमातील नावांत आणि अरुणाचलातील नामसाई ह्या नावात 'नाम' म्हणजे तेच पाणी. बॅंकॉकचा रहिवासी ते अर्थासह ओळखेल. मराठी वाचक मात्र 'नामरूप' हे नाव पाहताच वेदान्तातील नाम आणि रूप घेऊन बसेल, आणि विष्णुलोक पाहून जे होते तेच पुन्हा होईल.

हा सारा मुलूख ज्या नावाने आपण ओळखतो ते नावही 'ईशान्य भारत' असेच आहे, आणि ती दिशाही तेथे राहणाऱ्यांनी ठरविलेली नाही. दिब्रुगड जिल्ह्यात बुऱ्ही दिहिंग नदीच्या काठी नामफाके नावाचे गाव आहे. तेथील ताई फाके लोक बौद्ध आहेत. त्यांची भाषा आजही घरात बोलली जाते, विहारात वाचली जाते, आणि घरास व पाण्यास त्यांचे शब्द थाई शब्दांच्या नात्यातले आहेत. थाई भाषा शिकू इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यास पहिला पाठ तेथे घेता येईल.